दुपारी दोन ते पाच, आतून कडी

संप सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. दहिसरच्या बैठ्या चाळीतल्या आमच्या खोलीत तेव्हा तीन माणसं होती. मिलमध्ये विणकाम करणारे बाबा, घरी बसून शर्टांचे सुटे धागे कापणारी आई आणि कॉलेजात जाणारी मी. जेवण म्हणजे सकाळी पेज आणि संध्याकाळी पेज. संध्याकाळची जरा घट्ट असायची, तिला आई भात म्हणायची. तोंडी लावायला सुका जवळा. ज्या दिवशी जवळाही नसेल त्या दिवशी आई पाट्यावर चटणी वाटताना वरवंटा उगाच जोरात आपटायची, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं, आज यांच्याकडे काहीतरी बेत आहे.

खरं तर शेजाऱ्यांना वाटायचं काही कारणच नव्हतं. त्यांना सगळं दिसत होतं. आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती.

बारा खोल्या अलीकडे, बारा पलीकडे, मधून फरशा टाकलेलं गटार. सकाळी पाण्याच्या वेळेला दारं उघडायची ती झोपतानाच बंद व्हायची. दारावर जुन्या साडीचा पडदा, पण तोही वर खोचलेला. दिवसाढवळ्या दार लागलं तर त्याचे तीनच अर्थ होते: आत कोणी वारलंय, आत भांडण चाललंय, किंवा आत मटण शिजलंय आणि वाटायची इच्छा नाही. तिसरा गुन्हा सगळ्यात मोठा. पहिल्या दोन्हींत माणसं मदतीला यायची. तिसऱ्यानंतर तुमच्याकडच्या बारशाला कोणी आलं नसतं.

या उघड्या दारात, उंबऱ्याजवळच्या ट्रंकेवर, बाबा बसलेले असायचे. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, हातात कालचा पेपर. आधी ते दिवसभर मिलमध्ये असायचे म्हणून चाळीला त्यांच्याबद्दल फारसं काही माहीत नव्हतं. आता चाळीने ते नुकसान भरून काढलं. जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबायचा आणि विचारायचा, "काय, मिटला काय संप?"

बाबांनी एक उत्तर तयार केलं होतं. "बोलणी चालू आहेत."

नळावर जाणाऱ्याला बोलणी चालू आहेत. नळावरून येणाऱ्याला बोलणी चालू आहेत. मी एका रविवारी मोजलं होतं, दुपारी बारापर्यंत सतरा वेळा. कोणाशी बोलणी, कुठे, कोण करतंय, हे बाबांना त्या विचारणाऱ्यांपेक्षा जास्त माहीत नव्हतं. पण असं विचारून झालं की लोकांना आपण आपुलकी दाखवली असं वाटायचं आणि ते खुशीत पुढे जायचे. बाबा पुन्हा पेपरात. तोच कालचा.

यात सगळ्यात आपुलकीची समोरची मावशी. नात्याने कोणी नाही. आमच्याच तालुक्यातली, एवढ्यावर मावशी. आमच्या दाराच्या बरोब्बर समोर तिचं दार, त्यामुळे तिला आमच्याकडे यायचं असेल तर वाट वाकडी करावी लागायची नाही, आणि न यायचं असेल तरी बसल्या जागी सगळं समजायचं. ती विचारल्याशिवाय आत यायची, आमच्या आरशात कुंकू नीट करायची, आमच्या फणीने केस विंचरायची, टोपाचं झाकण उचलून बघायची आणि म्हणायची, "आज पण पेजच गो?" मग घरी जाऊन वाटीभर माशाचं सार घेऊन यायची. त्या दीड वर्षात तिची वाटी एक दिवस चुकली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते याच बाईच्या तोंडावर केलं.

त्या एप्रिलात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसले आणि अर्थशास्त्राच्या दोन पेपरांत गेले.

आता मी काही ढ नव्हते. कॉलेज सकाळचं, कांदिवलीला. बारा-साडेबाराला घरी. दुपारभर अभ्यासाला वेळ. पण मी पुस्तक उघडलं की चाळ आत. एकीला मुलाच्या शाळेचा फॉर्म भरून हवा. एकीला गावाहून आलेलं पत्र वाचून हवं. वाचून दाखवलं की उत्तरही लिहून हवं, आणि मजकूर सांगता सांगता तिला रडूही यायचं, म्हणजे पदराआडची हकिगतही ऐकायची. सगळ्यांचं काम झालं की सगळ्यांचं एकमत: "हुशार हा गो चेडू!" अशी मी हुशार होत होत नापास झाले.

निकाल कळला त्या दिवशी सांत्वनाला जी रीघ लागली तशी शेवटच्या खोलीतले आजोबा गेले तेव्हाही लागली नव्हती. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नापास झालंस म्हणान काय झाला? मरूक नाय ना कोण?" दुसरी म्हणाली, मुलींच्या डोक्याला तसाही जास्त ताण बरा नाही. तिसरी, जिचे चार फॉर्म मी पेपराच्या आदल्या दिवशी भरले होते, ती म्हणाली, "तू अभ्यासच कमी केलास असणार." आणि बाबा ट्रंकेवर बसून माझ्या वतीने प्रत्येकाला सांगत होते, "ऑक्टोबरला बसतेय."

संध्याकाळपर्यंत मावशीने माझं पुढचं ठरवूनही टाकलं होतं. चेकनाक्याजवळच्या कारखान्यात पॅकिंगला मुली घेत होते, तिथल्या सुपरवायझर बाईशी तिची ओळख. ऑक्टोबरला पास झाले तर बरं, नाही तर दिवाळीनंतर कामाला लागायचं. आईने मान हलवली. आईचं चूक नव्हतं. धागे कापून तिची नजर अधू व्हायला लागली होती. बाबा काहीच बोलले नाहीत. बोलणी चालू होती.

त्यानंतर महिनाभर मी फक्त एक हिशोब करत होते. ऑक्टोबर ही शेवटची संधी. पुस्तकं तीच, डोकं तेच, चाळ तीच. मग निकाल वेगळा कशाने येणार?

नात्यातली माझी एक भाची आता मोठ्या ऑफिसात काम करते. ती म्हणते, माणसाला स्वतःची स्पेस पाहिजे. आमच्याकडे स्पेस होती दहा बाय बारा, त्यात मोरी, खाट, ट्रंक आणि स्टोव्ह. ती वाढवता येत नव्हती. दार मात्र होतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी आईला म्हटलं, "उद्यापासून दोन ते पाच मी दार लावून बसणार."

आई कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. बाहेर उभं राहून म्हणतील."

"आणि समोरची? दीड वर्ष वाटी देतेय ती. तिच्या तोंडावर दार लावायचं? थोडी तरी लाज ठेव."

जिचं अन्न खाल्लं तिला 'आता नको' म्हणायचं कसं, हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. मी एवढंच म्हटलं, "आई, वाटीचे उपकार मी पाचनंतर फेडेन."

दार लावायचं ठरलं तर कळलं की आतली कडी लागतच नाही. आमच्या कडीवर तीन दिवाळ्यांचा ऑइलपेंट बसून ती चौकटीला चिकटलेली. रात्रीला आम्ही दार लोटून खाली पाटा लावायचो. मी उलथन्याने खरवडू लागले तेव्हा बाबा ट्रंकेवरून उठले. माझ्या हातातून उलथनं घेतलं, चिंधी घेतली, रॉकेलचे चार थेंब टाकले आणि कडी पुढेमागे करत बसले. अर्ध्या तासाने ती लोण्यासारखी सरकायला लागली. बाबांनी तीनचार वेळा लावून-काढून बघितली, कान देऊन. यंत्राचा आवाज ऐकतात तशी. दीड वर्षात त्यांच्या हातून झालेलं ते पहिलं काम.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी कडी लावली.

दोन वाजून चार मिनिटांनी थाप. "काय गो, दार कित्याक लावलंस? कोण इलो तुमच्याकडे?"

"कोणी नाही मावशी. अभ्यास करतेय."

"मग दार कित्याक?"

"अभ्यासासाठीच."

"अभ्यास डोळ्यांनी करतत. दारान नाय."

मी तिच्याशी कॉलेजातल्या मराठीत बोलले की ती आणखी मालवणी व्हायची. मी म्हटलं, "मावशी, पाच वाजता ये. दोन ते पाच मी कोणाचीच नाही." मग चपला फरफटत गेल्याचा आवाज. त्या दिवशी वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई माझ्याशी बोलेना.

चाळीने मात्र अभ्यास हे कारण एका दिवसात बाद केलं. अभ्यासासाठी कोणी दार लावतं का? चाळीतले इतके जण शिकले, सगळे सातवीपर्यंत, उघड्या दारात. आठवड्याभरात चार मतं तयार झाली. एक, मला क्षय झालाय. दोन, मला बघायला मुलगा येतोय आणि तो चोरून येतोय. तीन, मिलवाल्यांनी गुपचूप पैसे दिलेत आणि आम्ही रोज मटण खातोय. चौथं मत नळावर कुजबुजून सांगत होते, ते मला फार उशिरा कळलं.

मग पूजा मंडळाचे अध्यक्ष आले. पाच वाजता आले, हे त्यातल्या त्यात बरं. ट्रंकेवर बाबांशेजारी बसले आणि छताकडे बघून म्हणाले, "आपली चाळ म्हणजे एक कुटुंब. कुटुंबात दारं लावत नाहीत."

मी म्हटलं, "काका, कुटुंबात दुपारी पेपरसुद्धा सोडवायला लागतात."

"तसं नाही गं. उद्या बाकीचे पण लावतील. मग संकटात कोण कोणाला दिसणार?"

"संकटात आम्ही दीड वर्ष दिसतोय काका. पोटभर दिसून झालो."

अध्यक्षांनी बाबांकडे बघितलं, बापाने मुलीला दटावावं म्हणून. बाबा कडीकडे बघत होते.

आत काय चाललं होतं ते आता सांगते. पहिले दोनतीन दिवस बाबांना दारामागे करमेना. ते ट्रंकेवर बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. कोणी विचारायला नाही, त्यामुळे 'बोलणी चालू आहेत' म्हणता येईना, आणि ते म्हणायचं नसेल तर दुपारचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी ते जमिनीवर आडवे झाले. उजवा हात डोळ्यांवर. झोपले नव्हते, कारण पायाचा अंगठा हलत होता.

त्याच आठवड्यात कधीतरी मी कामगारांच्या प्रश्नांवरचा धडा पाठ करत होते. पुटपुटत पाठ करायची मला सवय. "संपाचे परिणाम पुढीलप्रमाणे. एक, उत्पादनात घट. दोन, कामगारांच्या वेतनाचे नुकसान. तीन, औद्योगिक शांततेचा भंग."

"अजून?" खालून आवाज आला.

"काय अजून?"

"अजून काय लिवलाहा?"

"संपलं. तीनच आहेत."

बाबा उठून बसले. "तीनच?"

मी पुस्तक पुढे केलं. त्यांना एवढं घाईने वाचता येत नव्हतं, पण त्यांनी बोटाने तीन आकडे मोजले. मग पुस्तक परत दिलं आणि भिंतीकडे बघून बोलायला लागले. त्यांच्याकडे दोन साचे होते, म्हणजे दोन माग. त्यातल्या डावीकडच्याचा आवाज थोडा लंगडा होता. अठरा वर्षं. अंधारात कानावर आला तरी सांगितलं असतं की हा माझा. आता कानात आवाज नाही म्हणून झोप येत नाही. लोक विचारतात संप मिटला काय. मिटला तरी मला घेणार नाहीत, हे मला पहिल्या सहा महिन्यांतच समजलं होतं. कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर लगेच कोणीतरी आत येऊन पाठीवर हात ठेवला असता. "तो हात माका नको होतो," असं म्हणून ते रडले. मोठ्याने नाही. मोरीजवळ आई धागे कापत होती, तिची कात्री थांबली, मग पुन्हा चालू झाली. आम्ही दोघी त्यांच्याजवळ गेलो नाही. कोणी जवळ न जाणं हेच त्यांना त्या वेळी हवं होतं, एवढं मला कळलं. त्या वर्षी मी शिकले त्यातलं हे अर्थशास्त्राच्या बाहेरचं.

थोड्या वेळाने बाबांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "वाच पुढे. चौथा तुझा तू घाल."

पुढे परीक्षेत तो प्रश्न आला नाही.

त्या दिवसापासून बाबा दुपारी झोपायला लागले. झोप म्हणजे काय, दीड वर्षाची साठलेली. घोरणं नाही, हाकेला ओ नाही, ओंडक्यासारखे पडायचे. आईही माझ्याशी बोलू लागली. दार बंद असल्यावर तिचे शर्ट पाचच्या आत संपायचे आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. आपल्याला असं बसायला मिळतं याचं तिला नवल वाटत होतं, पण ती ते कबूल करायची नाही. म्हणायची, "तुझ्यासाठी सहन करतेय."

परीक्षेला आठ दिवस उरले होते. ऑक्टोबरचा उकाडा, टेबलफॅन गरम हवा फेकतोय, मी खाटेवर, बाबा जमिनीवर गाढ. आई माल पोचवायला गेलेली. आणि दारावर धडाधड थापा.

मी उठले नाही. तीन वाजले होते. मी नियम केला होता आणि मला त्याचा गर्व होता. थापा वाढल्या. अध्यक्षांचा आवाज आला, "आत कोण हाय? उघडा!" मग मावशीचा, वेगळाच, घाबरलेला. "गो चेडवा, बापूस खंय तुझो? बापाशीक हाक मार! हाक मार गो!"

मला काही कळेना. "झोपलेत ते," मी म्हटलं.

ते ऐकून बाहेर एक बाई रडायलाच लागली. मग कोणाचा तरी खांदा दारावर बसला, दुसऱ्या धक्क्याला बिजागरी निखळली आणि दार अध्यक्षांसकट आत आलं. बाबांनी सरकवून दिलेली कडी तेवढी जागच्या जागी.

नळावरचं चौथं मत हे होतं. मिलमधल्या कुणाकुणाने जीव दिल्याचं तेव्हा कानावर यायचं. आमच्याकडे दुपारची कडी, दोन महिने बाबा दुपारचे दारात दिसलेले नाहीत, हाक मारली तर ओ नाही. चाळीने दोन आणि दोन चार केले होते. आता पंधरावीस माणसं दारात उभी राहून माझ्या बापाकडे बघत होती. बापाच्या बनियनला काखेत भोक होतं आणि तोंड उघडं होतं.

बाबांनी एक डोळा उघडला. "काय झाला?"

मावशी पुढे आली, त्यांच्याजवळ बसली आणि तिने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. खराखुरा. बाबा ओरडले तेव्हा तिचा विश्वास बसला आणि मग ती संतापली. "जिवंत हा मेलो! झोपान रवलोहा! आणि आम्ही हय..." पदराने तिने तोंड दाबून धरलं.

माझा सगळा राग, जो मी दोन महिने जपून ठेवला होता, त्याचं काय करावं मला समजेना. ही बाई माझी फणी वापरत होती, माझा टोप उघडत होती, आणि माझ्याच बापाला चिमटा काढून तो जिवंत आहे ना, हे बघत होती. दोन्ही एकाच बाईचं. एक ठेवून दुसरं टाकता येत नव्हतं.

बाबा उठले. लेंग्याची नाडी घट्ट केली. आणि दीड वर्षात पहिल्यांदा चारचौघांत, पाठ केलेलं नाही असं काहीतरी बोलले. "चेडू अभ्यास करता हा. पाच वाजता येवा. कोणाक नको म्हणत नाय मी, पण पाच वाजता. आणि मिलचा माका विचारू नकात. मिल चालू होवंदे नायतर नको होवंदे. माझ्यापुरती बंद झाली." मग अध्यक्षांकडे वळून, "आणि दार बसवून द्या."

दार अध्यक्षांनीच बसवून दिलं. पाचच्या आत.

त्यानंतर बाबांना संपाचं कोणी विचारलं नाही. दिवाळीच्या आत त्यांनी बोरिवलीला, नव्या इमारतीचं काम चाललेलं होतं तिथे, वॉचमनची नोकरी धरली. ती नोकरी दोनदा आधीही चालून आली होती. तेव्हा 'बोलणी चालू' असल्यामुळे त्यांनी घेतली नव्हती.

मावशी पाच वाजता यायला लागली, वाटीसकट. पाचला म्हणजे पाचला. उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं विचारायची, "पाच वाजले गो. येव काय? की अर्ज करूक व्हयो?" मी म्हणायची, "ये मावशी, अर्ज मंजूर." आत आली की टोपाचं झाकण उचलायचीच. ते मी चालू दिलं. सगळंच एकदम मागायचं नसतं.

आणि एक सांगायलाच हवं. परीक्षा झाल्यानंतर एका दुपारी मावशीचं दार बंद दिसलं. कधी नव्हे ते. मी आमच्या दारात उभी राहिले. शेजारची बाहेर आली. आम्ही दोघींनी मिळून दहा मिनिटांत तिची सून, तिचा मुलगा आणि मटण, सगळं तपासून काढलं. चार वाजता दार उघडलं. मावशीचे केस विस्कटलेले, गालावर चटईच्या रेघा. "काय बघतंस?" ती मला म्हणाली. "निजलेलंय मी. तुझा एकटीचाच दार हा काय?"

डिसेंबरात निकाल लागला. कॉलेजच्या फळ्यावर नंबर बघितला, तो दोनदा बघितला, शेजारच्या मुलीला बघायला लावला. संध्याकाळी घरी येऊन बाबांना सांगितलं, ड्यूटीला निघत होते. ते म्हणाले, "मग आता काय म्हणायचं तुला?"

"बी.ए."

पास क्लास. फर्स्ट नाही, सेकंड नाही. आईच्या आणि बाबांच्या, दोन्हीकडच्या घरांत पदवी मिळवणारी मी पहिली. पॅकिंगच्या कारखान्यात मला जावं लागलं नाही. पुढच्या वर्षी मी एका ऑफिसात क्लार्क म्हणून लागले आणि आईने धागे कापायचं काम सोडलं.